आहेस का?

माझे भाऊजी चष्म्याच्या कारखान्यात कामाला. तिथे एकाच टेबलावर दोन कॉम्प्युटर. एकावर डोळ्यांचे नंबर भरतात, दुसरा भिंगं घासायचं यंत्र चालवतो. दोघांच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या, त्यामुळे मांडीला मांडी लावून बसूनही कायमचा अबोला. त्यांना बोलतं करायचं हे भाऊजींचं काम. त्यांनी नियम बसवला: पहिल्या प्रोग्रामने आधी विचारायचं, ‘आहेस का?’ दुसऱ्याकडून ‘आहे’ आलं, तरच नंबर पाठवायचा. नाहीतर थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. उगाच पाठवलेला नंबर हवेत जातो आणि आजोबांना नातीचा चष्मा मिळतो.

इथवर ठीक होतं. पण भाऊजींनी हे खूळ घरी आणलं. जेवताना ताईला विचारायचे, “आहेस का?” ‘समोर बसलेय ना’ हे उत्तर चालायचं नाही. ‘आहे’ म्हटल्यावरच मीठ मागायचे. तिच्या जागी मी असतो तर बरणीच डोक्यात घातली असती.

मग एकदा शेगडीजवळचं फडकं पेटलं. ताई मागच्या खोलीत फोनवर होती. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारातून विचारतायत, “आहेस का?” थांबले. पुन्हा, “आहेस का?” धुराच्या वासाने ताई धावत आली आणि फडकं बेसिनमध्ये विझवलं.

“अहो, आग लागली म्हणून ओरडता येत नाही?”

“तू ‘आहे’ म्हणालीच नाहीस.”

ताई बॅग भरून माझ्याकडे आली. “या माणसाला आता जन्मात उत्तर देणार नाही,” म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. हा संसार मोडतो की काय, अशी मला भीती वाटली.

संध्याकाळी भाऊजी आले. ताईने खोलीला आतून कडी लावली. ते बाहेर स्टूल टाकून बसले. “आहेस का?” थांबले. पुन्हा, “आहेस का?”

“भाऊजी, सरळ माफी मागून मोकळे व्हा ना!” मी वैतागलो.

“आणि ती हवेत गेली तर? मला एकदाच जमणार आहे.”

विचारून विचारून त्यांचा घसा बसला. शेवटी ताई आतून कडाडली, “नाही!”

भाऊजींचा चेहरा उजळला.

“अहो, नाही म्हणाली ती!”

“नसती तर बोलली असती का?” असं म्हणून त्यांनी दाराला तोंड लावलं. “चुकलं माझं. घर पेटत होतं आणि मी नियम पाळत बसलो. तुझ्याशिवाय मला काही सुचत नाही गं.”

मग आतून हळूच आवाज आला, “आहात का?”

भाऊजींना हुंदका आवरेना, त्यामुळे उत्तर देता येईना. ताई थांबली. मग तिने पुन्हा विचारलं.