पाडव्याला उघडलेली रंगांची पेटी

लग्नाआधी मी जळगावला चित्रकला शिकले होते. लग्न होऊन धुळ्याला आले, मुलगी झाली आणि रंगांची पेटी कॉटखाली गेली ती गेलीच. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुलगी बालवाडीत जायला लागली होती. पाडव्याला गुढी उभारून झाली, कडुलिंब-गूळ तोंडात टाकला आणि मी ह्यांना सांगून टाकलं, "या वर्षी मी परत चित्रं काढणार आहे."

"काढ की," हे म्हणाले. "कोणी अडवलंय?"

ते साधंच बोलले, पण मला टोचलं. कोणीच अडवलं नव्हतं. मग इतकी वर्षं मी काय करत होते?

पेटी उघडली तर रंगांच्या नळ्या दगड झालेल्या. ब्रशांचे केस झुरळांनी खाल्लेले. हे बिचारे कामासाठी जळगावला गेले तेव्हा त्यांनी नवे रंग आणले आणि मी सांगितलं म्हणून चांगला मोठा हार्डबोर्डही आणला. पहिलं चित्र मोठंच व्हायला हवं, एवढ्या वर्षांची भरपाई एकदम व्हायला हवी, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. शिरपूरला नणंदेकडे जाताना एसटीच्या खिडकीतून सोनगीरचा किल्ला दिसायचा, तो काढायचं ठरवलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. एका दुपारी मुलीला झोपवलं, आभाळाचा निळा रंग लावायला घेतला, तोच गल्लीत ओरडा झाला, "पानी उनं! पानी उनं!" हातातला ब्रश टाकून पळाले. पिंप, हंडे, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरले. परत आले तर खिडकीतून आलेली धूळ सगळ्या आभाळाला चिकटलेली, आणि मधोमध एक माशी.

ते सुरीनं खरवडून पुन्हा लावलं. डोंगर काढला, तो उलट्या टोपलीसारखा दिसायला लागला. तोही खरवडला. डोळ्यांना किल्ला स्वच्छ दिसत होता, पण हात भलतंच काढत होता. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एकदा हे ऑफिसातून आले, बोर्डासमोर उभे राहिले आणि कौतुकानं म्हणाले, "हत्ती छान जमलाय."

मी बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई विरजण मागायला आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. माझ्याकडे बघून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "काय व्हयनं व? तोंड काबरं उतरी गयं?"

"अक्का, हातच चालत नाही. सगळं विसरले मी."

अक्का उंबऱ्यावर टेकल्या. "बाळंतपननंतर मी भाकर थापाले बठनी, तं पहिलीच भाकर फाटी गयी. मंग काय मी परातएवढी भाकर थापी का? ल्हानी ल्हानी थापी."

मी मान डोलावली, पण मनातून चिडलेच. भाकरी आणि चित्र एकच आहे का?

पुढे नळ पारच आटला आणि टँकर सुरू झाला. भर उन्हात हंडे रांगेत लावून बायका भिंतीच्या सावलीत बसायच्या. बसून बसून कंटाळा यायचा. एकदा मुलीची पेन्सिल पदराच्या गाठीत राहिली होती. त्या पेन्सिलीनं मी, वारा घ्यायला आणलेल्या जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे, समोर बसलेल्या अक्कांचं पाऊल काढलं, जोडव्यांसकट. काही विचार न करता काढलं आणि जमलं. आनंद व्हायच्या ऐवजी मला रागच आला. महिनाभर किल्ल्यावर डोकं फोडलं तेव्हा हा हात कुठे गेला होता? अक्कांना ते दाखवलं नाही. दाखवलं असतं तर भाकरीची आठवण काढून त्या हसल्या असत्या.

त्यानंतर मात्र रोज काहीतरी लहानसं काढायला लागले. हंड्याचा काठ, वाळत घातलेली चादर, झोपलेल्या मुलीचा कान. बरीचशी बिघडायची. बिघडलं की मी भांडी आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

पावसाळ्यात पहिल्यांदा धीर करून रंग घेतले. पोस्टकार्डाएवढा कागद, टेबलावर एक लिंबू, बस. निम्मं रंगवून झालं तेव्हा दूध उतू गेलं म्हणून आत धावले. शेगडी पुसलेलं फडकं मागच्या दारी धुऊन बाहेर आले तर टेबलावर लिंबू नाही. हे सरबताचा पेला हातात घेऊन उभे.

"लिंबू?" मी किंचाळलेच.

"ते चित्रातलं होतं होय!" हे घाबरून म्हणाले. "उद्या दुसरं आणतो."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. मग स्वयंपाकघरात गेले, पिळलेली फोड उचलून आणली, टेबलावर ठेवली आणि तशीच रंगवली.