वला चिरा

रत्नागिरीच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत वडील म्हणून बसण्याची माझी वेळ आली होती, आणि एका गवंड्याने ती एका शब्दात घालवली. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे चौघे. ते पाळकसाहेबांच्या शेजारी बसतात आणि प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर घेऊन लोकांत फिरतात. मला ती जागा हवी होती. का, ते लपवत नाही. माझा बाप बंदरावर ओझी वाहायचा. मी बैलगाडी हाकण्यापासून सुरुवात केली आणि सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, स्वतःची चिरेखाण उभी केली, तरी तोंडावर शेठ म्हणणारे लोक पाठीमागे मला हमालाचा पोरच म्हणत. त्या जागेवर बसलो की सगळ्यांची तोंडे बंद होतील असे मला वाटे. गवंड्याचा तो शब्द मी अजून विसरलेलो नाही. पण त्याच्यासारखा माणूसही मला पुन्हा भेटला नाही.

जांभ्याचा चिरा खाणीतून काढला की मऊ असतो. नखाने ओरखडला तरी चुरा निघतो. उघड्यावर रचून त्याला एक पावसाळा आणि एक उन्हाळा दाखवला की मग तो घट्ट होतो. रत्नागिरीत घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, आणि घाई झाली की प्रत्येकजण ते विसरतो. आमच्या प्रार्थनामंदिराचे काम निघाले तेव्हा मंडळीला मृगाच्या आत भिंती उभ्या हव्या होत्या आणि मला खाणीवरचा माल हलवायचा होता. दिवाळीनंतर काढलेले चिरे मी गेल्या वर्षीचे म्हणून सांगितले. पाळकसाहेबांना घाम फुटेपर्यंत घासाघीस केली आणि सौदा माझ्या मनासारखा झाला.

पहिली गाडी आली तेव्हा गवंडी पुढे झाला. तो आमच्याच मंडळीतला, संगमेश्वराकडचा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. गाडीशी उकिडवा बसून त्याने एक चिरा बोटाच्या सांध्याने वाजवला, कान जवळ नेला, मग दुसरा वाजवला.

"शेट, ह्यो वला हाय." तिकडचे लोक ओल्याला वला म्हणतात.

"दिसायला तर कोरडा आहे," मी म्हणालो.

"दिसायला तुमी पन शांत दिसता."

गाडीवान हसले. मी त्यांच्या अंगावर ओरडलो तेव्हा आणखी हसले.

मी खोटे बोललो हे त्याला तिथेच कळले होते. तो ते पाळकसाहेबांना सांगेल म्हणून मी भांडणाची तयारी करून गेलो. त्याने सांगितले ते एवढेच की यंदा पाया घालू, भिंती पुढच्या साली. माझे चिरे आवारात रचून ठेवले गेले आणि सबंध पावसाळा मंडळीने उपासना शाळेच्या ओटीवर केली. झड आली की बायका पदराखाली पुस्तके धरत आणि माझ्या ढिगाकडे पाहत. मला वाटे, हा सगळा अपमान त्यानेच योजला आहे.

त्याची हकीकत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. बाप्तिस्मा घेतल्यावर गावाने त्याला विहीर बंद केली आणि कोणी कामाला बोलावीना. बायको लहान मुलीला घेऊन माहेरी गेली. हा रत्नागिरीत आला, पण दर महिन्याला दोन दिवस चालून सासुरवाडीच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी, जाऊन उभा राही. सासरा आतून म्हणे, "चालता हो." हा चालता होई. एकदा त्याला दिसले की पावसाने तो गडगा ढासळला आहे. त्याने कोणाला न विचारता दगड गोळा केले आणि रचायला बसला. सासऱ्याने हाकलले तेव्हा उठला, पुढच्या महिन्यात येऊन उरलेला रचू लागला. तिसऱ्या खेपेला गडगा पुरा झाला, आणि त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली. मुलगी पुढच्याच साली तापाने गेली. तिच्या मातीच्या दिवशी त्याने स्वतः खड्ड्याच्या कडा सरळ केल्या आणि प्रार्थनेत नीट उभा राहिला, असे माझी बायको सांगे. मी त्या वेळी खाणीवर होतो.

प्रार्थनामंदिर दुसऱ्या वर्षी शिमग्यानंतर उभे राहिले. शेवटच्या गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उसळून त्याच्या डोळ्यांत गेला. इस्पितळात पुष्कळ केले, पण एक डोळा तेव्हाच गेला आणि दुसऱ्याने त्याला उजेड तेवढा कळे. मंदिराचे उद्घाटन झाले तेव्हा बायकोने त्याला भिंतीशी नेऊन उभे केले. त्याने भिंतीवरून हात फिरवला, एका ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "हितं सांदा जाड झालाय." मी ऐकलेली त्याची तक्रार तेवढीच.

त्यानंतर महिन्याभरात वडिलांची निवड होती. पाळकसाहेबांनी माझे नाव काढले. लोक माना हलवू लागले. सगळे ठरल्यात जमा होते, पण पाळकसाहेबांना वाटले, मंदिर ज्याने बांधले त्यालाही विचारावे.

"मानूस चांगला हाय," गवंडी म्हणाला. "पन वला हाय. अजून एक पावसाळा भायेर राहू दे."

रत्नागिरीच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाकावरचे लोक हसले, पाळकसाहेबही खाली पाहून हसले. मी छत्री उचलली आणि बाहेर पडलो. पुढे कित्येक रविवार मी मंदिराची पायरी चढलो नाही. घरी मात्र मी रोज त्याला उत्तरे देत होतो. बायको म्हणायची, "अहो, तो इथे नाहीय. मला कशाला ओरडता?"

एक गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. माझे नवे घर मी त्याच घाईत, त्याच खाणीच्या ताज्या चिऱ्यांनी बांधले होते. दुसऱ्यांना विकायचा माल स्वतःला चालेल अशी माझी समजूत होती. आषाढात एका सकाळी स्वयंपाकघराची भिंत खालून भिजून बसली. वरचा भाग आत आला आणि बायकोचा पाय चुलीशी सापडला. हाड मोडले. तिला खाटेवर निजवून मी पहिले काम काय केले, तर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आणून त्या भगदाडावर लावले. चिरेखाणवाल्याची भिंत पडली हे गावाला दिसू नये.

तिसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याच्या बायकोने त्याला हात धरून आणले होते. ती आत माझ्या बायकोपाशी जाऊन बसली. तो ओटीवर टेकला.

"हसायला आलात?" मी विचारले.

"मला दिसत नाय, हसू कशाला?" मग जरा थांबून म्हणाला, "झाप काडा, शेट."

"लोक बघतील."

"बगू दे. चिरा झाकून ठेवला तर वलाच ऱ्हातो. ऊनपाऊस लागाया होवा."

त्याने पुढे प्रवचन केले असते तर मी त्याला उठवून लावले असते. त्याने ते केले नाही. तो फक्त म्हणाला की मुलगी गेली त्यानंतरच्या रविवारी तो मंडळीसमोर उभा राहून रडला, आणि डोळे गेले तेव्हा देवाशी मोठ्याने भांडला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. "त्याने ऐकून घेतलं," तो म्हणाला. "मंग मी पन त्याचं ऐकून घेतलं."

मी झाप काढले.

पाऊस ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर, त्याने ती भिंत पुन्हा बांधली. आंधळ्याने भिंत बांधली म्हणून लोक बघायला येत. खरे तर बांधत आम्ही दोघे होतो. मी एकेक चिरा त्याच्या हातात देई, तो वाजवून म्हणे, "ह्यो" किंवा "ह्यो नाय". ओळंबा मी धरायचा आणि तो बोटांनी दोरी चाचपून सांगायचा, कुठे झुकले आहे. चुना मी कालवला, त्याला त्याच्याजवळ जाऊ दिले नाही. मी दोनदा चिडून थापी फेकली. तो दोन्ही वेळा म्हणाला, "उचला." रस्त्यावरून जाणारे म्हणत, शेठ बिगारी झाले. मला ते झोंबे, पण हातातला चिरा टाकून उत्तर द्यायला जाता येत नव्हते. दुपारी त्याची बायको दोघांना पेज आणून देई. जेवणाआधी तो प्रार्थना करी. तीत माझ्या बायकोचा पाय असे, मुलीची आठवण असे, सासऱ्याचे नाव असे. मी रोज कान देऊन वाट पाही, पण आपल्या डोळ्यांसाठी त्याने एकदाही मागितले नाही. कधीतरी मी विचारले. तो म्हणाला, "पयलं मागितलं पुष्कळ. आता दुसरी मानसं आदी येतात तोंडात."

शेवटचा चिरा बसला त्या दिवशी मला राहवले नाही.

"मिस्त्री, हे सगळे वाजवून पाहिलेत. आणि मी?"

"घासाघीस नुको, शेट."

दोन वर्षांनी पुन्हा निवड आली. बायको तोवर काठीशिवाय चालू लागली होती. पाळकसाहेबांनी पुन्हा माझे नाव काढले, आणि या वेळी गवंड्याला विचारले नाही. मला ती जागा तेव्हाही हवी होती, पहिल्यापेक्षा कमी नाही. उठलो तेव्हा हो म्हणायलाच उठलो होतो. समोर भिंत होती आणि तिच्यात माझे चिरे होते, पावसात भिजून, उन्हात तापून काळपट लाल झालेले. ते गेल्या वर्षीचे म्हणून मी तुम्हाला खोटे सांगितले होते, हे मी मंडळीला सांगितले. यंदा मला बाहेर राहू द्या, असेही म्हणालो. कोणी हसले नाही.

उपासना सुटल्यावर गवंड्याची बायको दारात त्याच्या वहाणा शोधत होती. तो माझ्या आवाजाच्या रोखाने वळला.

"शेट, खरं बोलला, की भाव वाढवताव?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तो मनापासून हसला. हात पुढे करून त्याने माझा खांदा शोधला आणि बोटाच्या सांध्याने दोनदा वाजवला. मान तिरकी करून ऐकले. मग वहाणा घालून बायकोच्या हाताला धरून निघून गेला.

त्या पावसाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. पुढे मंडळीने मला वडील केले, आणि आता भाकर घेऊन मी बाकांमधून फिरतो. माझा खांदा वाजवला त्या दिवशी त्याला काय ऐकू आले, हे त्याने सांगायला हवे होते. हा राग मात्र मी सोडलेला नाही.