नाडीताईची पाटी

तिला सगळे नाडीताई म्हणत. पेशंटला धाप लागलीय, पेशंट बेशुद्ध पडलाय, पेशंट उगाच कटकट करतोय, प्रश्न कुठलाही असो, ताईचं उत्तर एकाच वाक्याने सुरू व्हायचं: "आधी नाडी बघा, मग बाकीचं."

उमेदीची सगळी वर्षं तिने शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काढली होती. मग संधिवाताने बोटं धरली. आधी सकाळी मूठ वळेना, मग इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना हातातून निसटायला लागली. एकदा सलाईनची सुई लावताना एका म्हाताऱ्याचा हात तिने इतका दुखवला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने तक्रार केली नाही. ताईनेच त्या आठवड्यात राजीनामा लिहून दिला.

ती थोरल्या भावाकडे राहायची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत अडकलेला असायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर ताई म्हणायची, "ड्युटी बदलून मिळाली नाही." हात गेले तरी जीभ शाबूत होती. वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणीच्या भाचीला तिने फोनवर औषधांचा धडा समजावून सांगितला, भाचीने आणखी दोघींना सांगितलं, आणि बघता बघता ताईचा ऑनलाइन क्लास उभा राहिला. नर्सिंगच्या मुली जास्त, डॉक्टर होऊ घातलेली चारदोन मुलंही. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लॅपटॉपखाली जाड पुस्तकांची चळत, मागे धुतलेली चादर टांगलेली, आणि समोर छोट्या छोट्या चौकोनांत बसलेली पोरं.

भिंतीपलीकडे भाजी चिरणाऱ्या वहिनीला सगळं ऐकू जायचं. मूत्रपिंडाचा धडा झाला की वहिनीच्या पायांना सूज, यकृताचा झाला की डोळे पिवळे. "वन्सं," ती दारात येऊन म्हणायची, "आज शिकवलंत ते सगळंच्या सगळं मला आहे बघा."

"उद्या बाळंतपण आहे," ताई म्हणायची. "जरा जपून."

त्या चौकोनांत एक चौकोन कायम काळा असायचा. कॅमेरा बंद, आत नुसता आवाज. नेट पुरत नाही, असं ती मुलगी सांगायची. ताईने तिचं नाव पाटी ठेवलं. "ए पाटी, तू सांग," असं ताई म्हणाली की काळ्या चौकोनातून खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा आवाज यायचा, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत ती आधीच नापास झालेली होती, एकदा नव्हे, दोनदा. सलाईनच्या थेंबांचं गणित ताईसमोर तोंडी सोडवायची, आणि पेपर हातात पडला की गारठायची. "ताई, आकडे दिसतात, पण एकमेकांशी बोलतच नाहीत," असं ती म्हणायची. आता तिची शेवटची संधी होती. यात गेली की कॉलेजचे दरवाजे बंद.

ताईने तिच्यासाठी जिवाचं रान केलं. सगळ्यांचा क्लास संपला की हिचा वेगळा. रोज थेंब, रोज मात्रा, रोज तेच. परीक्षेनंतर पाटी म्हणाली, "बरं गेलं वाटतं, ताई." ताईला तो आवाज आवडला नाही. पण काळ्या चौकोनात चेहरा वाचता येत नाही.

निकाल सकाळी लागला. क्लासच्या ग्रुपवर फुलांचा, पेढ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. ताई एकेकीला शाबासकी देत होती आणि पाटीची वाट बघत होती. शेवटी पाटीचा निरोप आला, पण ग्रुपवर नाही, एकट्या ताईला. "ताई, तुमचा खूप वेळ वाया घालवला. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्या." आणि पाठोपाठ ती ग्रुपमधून बाहेर पडली.

ताईने फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला काही गोष्टी वाचून कळत नाहीत, त्या आधी पोटात कळतात.

तिने पोलीस चौकीला फोन केला. पलीकडचा हवालदार भला माणूस होता. "फोटो पाठवा," म्हणाला.

"फोटो नाही."

"बरं, उंची किती? रंग? अंगाने कशी आहे?"

"ते नाही सांगता येणार."

"बाई, तुम्ही ओळखता ना तिला?"

"दीड वर्ष रोज बोलतेय तिच्याशी," ताई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पण मी तिला पाहिलेलं नाही हो. चष्मा आहे की नाही तेसुद्धा मला माहीत नाही."

"आवाजावरून माणूस कसा शोधायचा?" हवालदार म्हणाला. तो चिडला नव्हता, खरंच विचारत होता.

मग ताईने क्लासमधल्या सगळ्या मुलींना फोन लावायला घेतले. बोटं ऐकेनात, तेव्हा वहिनी नंबर दाबायची आणि फोन ताईच्या कानाला लावायची. आज कुणाला दुसऱ्याचं ऐकायला सवड नव्हती, ज्यांच्या घरी आनंद होता त्यांच्या घरी गलका होता. शेवटी एक मुलगी सापडली, पाटीबरोबर कधी काळी वसतिगृहात एकाच खोलीत राहिलेली. "तिला आईवडील नाहीत, ताई. मामाकडे असते. मामांचा कुलपांचा धंदा आहे, किल्ल्या बनवून देतात. नंबर आहे माझ्याकडे."

मामांनी पहिल्या घंटेलाच फोन उचलला. "कोण? नाडीताई? अहो, तुमचे उपकार कसे फेडू! पोरगी पास झाली! सगळ्या गल्लीला सांगून आलो मी."

ताईने घाईने विचारलं, "कुठे आहे ती?"

"मुलाखतीला गेली की. लांबची गाडी आहे म्हणाली, आत्ताच गेली स्टँडवर. बॅग एवढीशी, पुस्तकं तर सगळी शेजारच्या मुलीला देऊन टाकली. म्हणाली, मामा, आता मला लागायची नाहीत."

मनोविकारांच्या धड्यात तिनेच शिकवलं होतं: असा पेशंट कधी कधी एकदम शांत होतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो, नीट निरोप घेतो. त्या दिवशी काळ्या चौकोनातून प्रश्न आला होता, "ताई, अशा माणसाला थेट विचारलं तर चालतं का?" ताईने सांगितलं होतं, "चालतं काय, विचारायचंच. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही, असलेलं बाहेर येतं." मग वेळ संपत आली म्हणून ती पुढच्या मुद्द्याकडे वळली होती.

"मामा," ती म्हणाली, "दुकान तसंच टाका आणि स्टँडवर या. मीही येते."

"का हो? काही विसरली का ती?"

"या तुम्ही," एवढंच ताई म्हणू शकली.

रिक्षात वहिनीने तिचे वाकडे हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले. सिग्नलला रिक्षा थांबली की वहिनी रिक्षावाल्याच्या मानेकडे अशी बघायची, की त्याने दोनदा मागे वळून "काय झालं?" विचारलं.

स्टँड माणसांनी फुललेलं होतं. ताई आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. जिकडे बघावं तिकडे मुली. बॅगेवर बसलेल्या, खांबाला टेकलेल्या, फोनमध्ये डोकं घातलेल्या. यांतली कुठलीही पाटी असू शकत होती आणि कुठलीच नसूही शकत होती. एका बारक्या, सावळ्या मुलीला ताईने खांद्याला धरून वळवलं, कारण मनात तिने पाटी अशीच रंगवली होती. "पाटी?" ती मुलगी दचकून बाजूला झाली. सुटायच्या बेतात असलेल्या गाड्यांच्या खिडक्यांखालून ताई धावत सुटली. गुडघे ठणकत होते, आणि प्रत्येक खिडकीत एक अनोळखी चेहरा होता. एक गाडी तिच्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेली. तिच्यात कोण बसलं होतं, देव जाणे.

वहिनीनेच तिला दंडाला धरून थांबवलं. "तुम्हाला तिचं तोंड माहीत नाही, वन्सं. पण तुमचा आवाज तर तिला माहीत आहे ना?" आणि वर लटकणाऱ्या कर्ण्याकडे बोट दाखवलं.

घोषणा करणारा गृहस्थ काचेमागे बसला होता, मायक्रोफोनवर रुमाल अंथरून. "बाहेरच्या माणसाला बोलू देता येत नाही," तो म्हणाला. "नियम आहे."

"पाकीट हरवलं तर सांगता ना?" वहिनी म्हणाली. "छत्री सापडली तर सांगता? आमचं माणूस हरवलंय. जिवंत आहे तोवर सांगायचंय, नंतर नाही."

त्या गृहस्थाने ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं, रुमाल उचलला आणि खुर्ची सोडली.

ताई मायक्रोफोनसमोर बसली. कर्ण्यातून आधी नुसता तिचा श्वास साऱ्या स्टँडभर गेला.

"पाटी," ती म्हणाली. "ताई बोलतेय. निकाल मला माहीत आहे. मामांना मी काही सांगितलेलं नाही. मी इथे स्टँडवर आहे, चौकशीच्या काचेपाशी. मला तुझा चेहरा माहीत नाही ग, मी तुला शोधू शकत नाही. तूच मला शोध. रागवायला आले नाही. शिकवायला तर मुळीच नाही. कुठल्याही गाडीत बसली असशील तर उतर. तूच मला शोध."

माणसं वर बघायला लागली. कुणी हसलं, कुणी "कोण पाटी?" म्हणून शेजाऱ्याला विचारलं. ताई बाहेर येऊन काचेपाशी उभी राहिली. कुणी आलं नाही. त्या गृहस्थाने एका गाडीची घोषणा केली आणि न विचारता तिला जोडून म्हणाला, "पाटी या मुलीने कृपया चौकशी खिडकीपाशी यावे, तिच्या ताई वाट पाहत आहेत." पुढच्या गाडीलाही म्हणाला, त्याच्या पुढच्याही. मघाची ती बारकी मुलगी परत आली. "मी ती नाही," ती संकोचून म्हणाली, "पण मिळाली का?" ताईने नकारार्थी मान हलवली. वॉर्डात पेशंट हातचा जायला लागला की करायला काही तरी असायचं, दाबायला छाती असायची, धरायला नाडी असायची. इथे नुसतं उभं राहायचं होतं. गाडीमागून गाडी जात होती, आणि प्रत्येक गाडीबरोबर तिचा जीव थोडा थोडा जात होता.

"ताई."

खालच्या पट्टीतला, घोगरा आवाज. मागून.

ताई वळली. समोर उंचीपुरी, रुंद खांद्यांची, जाड भिंगांच्या चष्म्याची मुलगी उभी होती. ताईच्या मनातल्या मुलीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. मुलगी खाली बघत होती. "मी गाडीत बसले होते," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या बुटक्या असाल असं वाटलं नव्हतं."

ताईची बोटं काही धरू शकत नव्हती. तिने आपला हात कोपरापासून मुलीच्या हातात अडकवला, कडी घालावी तसा, आणि थेट विचारलं, "जीव द्यायचा विचार होता?"

"हो."

"आत्ता आहे?"

"माहीत नाही, ताई."

"बरं," ताई म्हणाली. "माहीत नाही तर नाही. पण तुला सोडत नाही मी."

मामा धापा टाकत पोचले, हात किल्ल्यांच्या काळ्या भुशाने माखलेले. पाटीने त्यांना स्वतः सांगितलं. त्यांना आधी काहीच उमजेना. "मग मुलाखत?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते फलाटावरच बसले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, नापास झाले म्हणायला काय झालं होतं? मी काय तुला बाहेर काढणार होतो?" सगळ्या गल्लीला सांगून आलेल्या माणसाला तिने काय उत्तर द्यायचं?

तिथून सगळे सरळ दवाखान्यात गेले. मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी पाटीला काही दिवस ठेवून घेतलं. पुढे गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. एवढ्याने सगळं सुरळीत झालं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. कॉलेजचे दरवाजे बंद झाले ते बंदच राहिले. ताईने तीन ठिकाणी अर्ज केले, जुन्या मेट्रनला गळ घातली, कुणाचंच काही चाललं नाही. पाटी मामांच्या दुकानात बसते. हात चांगला आहे, कानशीच्या एका फेरीत किल्ली बसवते. पण एखादी नर्स गणवेशात किल्ली करून घ्यायला आली, की ती आत जाते आणि बराच वेळ बाहेर येत नाही.

ताईचा क्लास चालू आहे. आता सुरुवातीला प्रत्येकाने कॅमेरा लावायचा, नेट असो नसो, निदान चेहरा दाखवून मग बंद करायचा, आणि घरच्या एका माणसाचा नंबर द्यायचा, असा नियम आहे. पोरं कुरकुरतात. ताई ऐकत नाही. तिच्या बोटांचं दुखणं आता मनगटांत चढलंय, आणि शिकवता शिकवता मध्येच ती थांबते, चौकोन मोजते, मग पुढे जाते. वहिनीला हल्ली कुठलाही आजार होत नाही. भिंतीपलीकडे ती कान देऊन असते, पण धड्याला नाही, ताईच्या आवाजाला.

मागच्या महिन्यात एकदा पाटीचा फोन लागेना. ताईचा धडा अर्ध्यावर राहिला. वहिनीने मामांना फोन लावला, मामा म्हणाले झोपलीय, रात्री झोप झाली नव्हती.

"झोपू दे," ताई म्हणाली, आणि लगेच, "पण एकदा उठवा. मला आवाज ऐकू दे."

पलीकडे बरीच कुजबुज झाली, काहीतरी पडलं, मग तो घोगरा आवाज आला, झोपेने जड, पुरता वैतागलेला. "ताई, आहे मी. झोपू द्या ना आता."