बुडातलं बघणारी आत्या

आत्यानं आयुष्यात वरचा टोमॅटो कधी घेतला नाही. दौंडच्या बाजारात पाटीपुढे फतकल मारायची, ढिगात कोपरापर्यंत हात घालायची आणि तळाचा टोमॅटो काढून विकणाऱ्याच्याच नाकासमोर धरायची. "वरचा थर इकणाऱ्याचा आसतो. आपल्याला बुडातलं दाव."

भांडगावात ती आमची शेजारीण, सगळ्या आळीची आत्या. तिचा एकुलता एक बाळू माझ्याबरोबर कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. तिथून तो आखातातल्या रिफायनरीत गेला आणि तिकडे युद्ध पेटलं.

तेव्हापासून तिच्या घरात दिवसभर बातम्या. विश्वास मात्र काडीचा नाही. स्टुडिओत सायरन वाजायचा, निवेदकाच्या पायाशी चित्रातले रणगाडे धावायचे, आणि तो घसा फोडून महायुद्ध जाहीर करायचा. तीच ती इमारत पुन्हा कोसळली तेव्हा आत्या म्हणाली, "ही काल बी पडली व्हती. मधी कवा बांधली?" मी हसलो. ती हसली नाही. त्या इमारतीच्या आसपास बाळू आहे का, एवढंच तिला हवं होतं, आणि नेमकं तेवढं सोडून सगळं दाखवत होते.

मग बाळूचा व्हिडिओ कॉल यायचा. हसरा चेहरा, मागे पांढरी भिंत. "आये, हितं काय न्हाई. टीव्हीवाले उगं बोंबलत्यात."

आत्याला त्याचा तर जास्तच संशय. "ते भ्या इकत्यात, तू धीर इकतुयास. फोन फिरव. मागं काय हाय दाव." असं ती म्हणाली की लगेच त्याची रेंज जायची. मला वाटायचं, काय ही बाई, पोटच्या पोरालाही टोमॅटोसारखं दाबून बघते!

उन्हाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. दौंडला दवाखान्यात ठेवलं, तर तिथंही मला तंबी, "बाळ्याला बोलू नगंस. त्यो तितं घाबरंल." नेमका माझ्या मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ कॉल आला. मी कॉटपासून जरा लांब, मोकळी भिंत बघून उभा राहिलो आणि दात काढले.

"आत्या व्हय? देवळात गेलीय. एकदम ठणठणीत!"

बाळूनं माझ्यामागची भिंत निरखून बघितली. मग म्हणाला, "दादा, फोन फिरवा."

फिरवला. सलाईन, नळ्या, आत्या. मग बाळूनं, कुणी न सांगता, आपला फोन फिरवला. तळघर होतं. फरशीवर ओळीनं माणसं निजलेली, उशाला बॅगा. आत्यानं डोळे बारीक करून सगळं बघितलं, पार कोपऱ्यापर्यंत.

"आता पटलं," ती म्हणाली. "हाईस तू."

मला तिथंच रडू फुटलं.

विमानं सुरू होऊन बाळू घरी पोचला, तोवर आत्या गेली होती. माणसं भेटायला येत होती. "लई शांतपणानं गेली, काय तरास न्हाई झाला," असं जो तो सांगत होता. बाळू मान हलवत होता. सगळे पांगल्यावर तो तिच्या कॉटवर बसला, मला जवळ बोलावलं.

"दादा, आता बुडातलं सांगा."

मी सांगितलं. सगळं.