पायडलवरची बारा हजार पावलं

शिंपी मास्तरांची पँट त्यांना कधीच घट्ट झाली नाही, आणि सगळं वाटोळं तिथूनच सुरू झालं. तुमचं-माझं पोट सुटलं की बटण लागत नाही. आपण श्वास आत ओढून आरशासमोर उभे राहतो, स्वतःलाच दोन शिव्या घालतो आणि निदान चार दिवस तरी शुद्धीवर येतो. मास्तरांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पँट जराशी काचायला लागली की दुपारी गिऱ्हाईक नसताना ते तिची मागची शिवण उसवायचे आणि अर्धा इंच सैल करून पुन्हा शिवायचे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायची त्यांची जुनी पद्धत. "आत कापड आहे, बिनधास्त जेवा," असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत. आठ वर्षांत त्यांची कंबर सहा इंचांनी वाढली आणि त्याची खबर खुद्द त्यांनाच लागली नाही.

खबर लागली ती डॉक्टरीणबाईंकडे. पायाला मुंग्या येतात म्हणून मास्तर गेले होते. बाईंनी रक्त तपासलं, कागद हातात घेतला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही कपडे शिवता ना?"

"चाळीस वर्षं झाली."

"मग डोळे लागतात ना तुम्हाला? ही साखर अशीच राहिली तर आधी डोळे जातील. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. रोज पाऊण तास चाला, गोड बंद करा, आणि दर सहा महिन्यांनी डोळे दाखवा."

डोळे म्हटल्यावर मास्तर हादरले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. घरी येताना त्यांनी पांढरेशुभ्र बूट घेतले. बायकोला सांगितलं, "उद्यापासून चहात साखर नाही." बायको म्हणाली, "उद्या कशाला, हा घ्या आजचाच," आणि तसाच कप पुढे केला.

पहिले तीन आठवडे मास्तरांनी गल्ली डोक्यावर घेतली. सकाळी सहाला बूट घालून बाहेर, बागेला चार फेऱ्या, येताना कपाळावर घाम. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते माप घेता घेता उपदेश पाजायचे. एका गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप धरून त्यांनी इतकं भाषण दिलं की तो माणूस कोट न शिवताच गेला. त्यांना खरंच हलकं वाटत होतं, झोप लागत होती. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं, आणि तिसऱ्या आठवड्यात असं ज्याला वाटतं त्याचं काही खरं नसतं.

चौथ्या आठवड्यात शाळांचे गणवेश आले. दोनशे सदरे, दोनशे पँटी. एक दिवस चालणं बुडलं, त्याचं मास्तरांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी बुडलं, तेव्हा कमी वाटलं. पाचव्या दिवशी काही वाटलंच नाही. गणवेश संपले तेव्हा पाय दुखत होता, पाय दुखायचा थांबला तेव्हा थंडी पडली. दुपारच्या चहात आधी अर्धा चमचा आला आणि मग तो एकटा राहिला नाही. भांडण नाही, निश्चय मोडल्याचा आवाज नाही. बूट दाराशी होते तिथेच राहिले आणि बायको झाडताना ते उचलून पुन्हा तिथेच ठेवू लागली.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दिवसभर खुर्चीत बसून काम. तिला फोनवर मास्तर सांगत राहिले, "चालतोय की! चार फेऱ्या!" आधी ते खरं होतं, मग सवयीनं तोंडातून जात राहिलं. लेक इतकी खूश झाली की तिनं मनगटावर बांधायचे दोन पट्टे घेतले, पावलं मोजणारे. एक स्वतःला, एक बापाला. घरी येऊन तिनं मास्तरांच्या फोनमध्ये सगळं जोडून दिलं. रोज संध्याकाळी दोघांचे आकडे दोघांना दिसणार होते.

जाताना ती म्हणाली, "बाबा, माझीही साखर काठावर आली आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता चाललीस तर वाचशील. मला एकटीला नाही जमत हो, दोन दिवसांत सोडून देते मी. तुम्ही जेवढं चालाल तेवढं मी चालणार. ठरलं?"

"ठरलं," मास्तर म्हणाले. त्या क्षणी त्यांना मनापासून चालायचं होतं, यात शंका नाही.

दुसऱ्या दिवशी ते गेलेही. तिसऱ्या दिवशी कामाची घाई होती, पट्टा हातावर तसाच होता. कापड सरकवताना तो सारखा अडकायचा, म्हणून त्यांनी तो काढून पायाच्या घोट्यावर, मोज्यात खोचला आणि मशीन चालवत बसले. मशीन जुनं, पायडलचं. मोटर बसवा म्हणून सगळे सांगायचे, पण पायाला वेग कळतो, मोटरला कळत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. संध्याकाळी पट्टा काढला तर अकरा हजार नऊशे.

मास्तर आकड्याकडे बघतच राहिले. मग फोन वाजला.

"बाबा! बारा हजार? अहो, मी सहा हजारांत धापा टाकतेय!"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मास्तरांनी ती जुळवलीसुद्धा. पण लेकीचा आवाज इतका कौतुकानं भरलेला होता, आणि इतक्या वर्षांत त्यांचं कौतुक कुणी केलं नव्हतं. कपडे चांगले झाले तर लोक आरशात स्वतःकडे बघतात, शिंप्याकडे नाही. मास्तर हसले आणि म्हणाले, "हळूहळू जमेल तुलाही."

दुसऱ्या दिवशी पट्टा मोज्यात त्यांनी स्वतःच्या हातानं, जाणूनबुजून घातला.

बायकोच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. मोजे तीच धुवायची. "अहो, हे काय? पोरीला फसवता?"

"पाय हलतात ना? व्यायामच तो. तू काही बोलू नकोस तिला."

"बसल्या जागी?"

"बोलू नकोस म्हटलं ना!"

ती बोलली नाही. चांगल्या बायकांचं हेच चुकतं, घरात शांतता राहावी म्हणून त्या गप्प बसतात.

असे सहा महिने गेले. तिकडे लेक बापाचा आकडा गाठायला निघाली होती. अंधुक उजेडात उठून चालायची, ऑफिसच्या जिन्यानं चढायची, जेवणाच्या सुट्टीत इमारतीला फेऱ्या मारायची. आठ हजार झाले, साडेनऊ झाले. "गुडघ्याला पट्टी बांधलीय बाबा, पण तुम्हाला गाठणारच," म्हणायची. तिची साखर उतरली. इकडे मास्तर सफाईदार झाले होते. काम कमी असेल त्या दिवशी ते नुसतंच, कापडाशिवाय पायडल मारायचे. आकडा पडला तर पोरगी विचारेल, ही धास्ती. स्वतःची तपासणी त्यांनी टाळली, कारण रक्ताचा कागद पट्ट्याची साक्ष देणार नव्हता. डोळे दाखवायचेही राहिले. पँट मात्र दोनदा उसवून सैल केली.

मग एके दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर त्यांना काळा दोरा दिसला. त्यांनी चिमटीनं उचलला, तो आला नाही. झटकला, गेला नाही. दुसरा सदरा घेतला, त्यावरही दोरा. मास्तर वैतागले. काळं रीळ दूरच्या फळीवर ठेवलं, मशीन तेल पुसून साफ केलं, खालच्या दोऱ्याची बॉबिन बदलली. तीन आठवडे ते तो दोरा झटकत राहिले. दुसरा कुणी असता तर भिंतीवरही तोच दोरा बघून घाबरला असता, डॉक्टरकडे धावला असता. मास्तरांचं सगळं आयुष्य कापडावरचे दोरे वेचण्यात गेलेलं, त्यांना तो कापडावरच दिसला. दोरा उजव्या डोळ्यात होता. रक्ताचा होता. चौथ्या आठवड्यात त्या डोळ्यापुढे काळा पडदाच आला.

लेक धावत आली. डॉक्टरीणबाईंकडे तिघं बसले. बाईंनी नवा कागद बघितला, कपाळाला आठ्या घातल्या.

"साखर आधीपेक्षा जास्त आहे. चालणं बंद केलं होतं का?"

"नाही हो!" लेकीनं फोन पुढे केला. "हे बघा, सहा महिने. रोज बारा हजार. एक दिवस चुकलेला नाही. माझे बाबा आहेत म्हणून मी चालतेय."

बाईंनी आकडे वर-खाली सरकवून बघितले. मास्तरांकडे बघितलं. मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत होते. बायको पदराशी चाळा करत होती.

"एवढं चालूनही असं असेल तर अवघड आहे," बाई म्हणाल्या. "कधीकधी शरीरच साथ देत नाही. औषध वाढवावं लागेल. डावा डोळा सांभाळू या आपण."

बाहेर बाकावर लेक रडली. आधी बापाच्या डोळ्यासाठी, आणि मग डोळे पुसून सरळ आवाजात म्हणाली, "रक्तच तसलं आपलं. तुम्ही इतकं केलंत, तुम्हाला काय मिळालं? मी उगीच जीव काढतेय."

तेव्हाही दोन वाक्यं पुरली असती.

ती परत गेली. संध्याकाळी मास्तर डाव्या डोळ्याजवळ फोन धरून तिचा आकडा बघू लागले. पाच हजार. तीन हजार. अकराशे. मग रोज सहाशे-सातशे, म्हणजे घरातून गाडीपर्यंत आणि गाडीतून खुर्चीपर्यंत. त्यांनी फोन केला. "चालत जा गं बाळा."

"कशाला?" ती म्हणाली. चिडली नव्हती, तेच वाईट होतं. "तुमच्याएवढं तर मला कधीच जमणार नाही. आणि जमून तरी काय?"

फोन ठेवल्यावर मास्तरांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. सात वेळा. मग सुई बायकोकडे दिली. तिनं दोरा ओवला आणि सुई परत देताना म्हणाली, "तुमचा डोळा गेला तो गेला. तिचे दोन आहेत. सांगा तिला."

"तिला तोंड कसं दाखवू?"

"मग नका दाखवू. फोनवर सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पांढरे बूट घातले. ते अजून पांढरेच होते. पट्टा मनगटावर बांधला, भिंतीला हात लावत गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि आले. त्या दिवशी मशीनवर बसले नाहीत. संध्याकाळी आकडा होता सहाशे चाळीस.

फोन लगेच आला. "बाबा, बरं नाही का? सहाशेच दाखवतंय. पट्टा बिघडला का?"

"पट्टा ठीक आहे. एवढंच चाललो मी." मग ते बोलत गेले. मोजा, पायडल, गणवेश, सगळं. मध्ये थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून थांबले नाहीत.

मग तिनं विचारलं, "डॉक्टरांसमोर मी फोन दाखवत होते, तेव्हाही तुम्ही गप्प बसलात?"

"हो."

"मी गुडघे बांधून चालत होते, बाबा. तुम्हाला गाठायला. आणि आईला माहीत होतं?"

मास्तर काही बोलायच्या आत फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला. त्यांचा स्वतःचा आकडा होता. त्याखालची लेकीची ओळच नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, फोन पुसला, पुन्हा बघितलं. तिनं आपला आकडा त्यांना दिसणं बंद केलं होतं. ज्यासाठी खरं बोललो ते झालं की नाही, हे कळायची वाटच राहिली नाही. त्यांचे फोनही ती घेईना.

आठवड्यानं आईच्या फोनवर तिचा फोन आला. मायलेकी आतल्या खोलीत बोलल्या, बराच वेळ. बायको बाहेर आली तेव्हा मास्तर उभे होते.

"काय म्हणाली?"

"बरी आहे."

"चालते का?"

बायको घड्या घालायचे कपडे पुढ्यात ओढून बसली.

"अगं, चालते की नाही एवढंच सांग. हो की नाही. बाकी काही नको मला."

"तुम्हाला सांगू नकोस म्हणाली आहे." तिनं एक मोजा उचलला, त्याची जोडी शोधली. "सहा महिने मी तुमचं ऐकून गप्प बसले. आता तिचं ऐकणार आहे."

मास्तरांनी पट्टा काढून बटणांच्या डब्यात टाकला. मग दाराशी बसून चाचपत बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि भिंतीला हात लावून बाहेर पडले. त्या दिवशी ते किती चालले, ते कुणीच मोजलं नाही.