ओलाव्याची कटती

केळीच्या धाग्याची पट्टी कूलरपुढे दमट हवेत टांगली की हलकी होते, हे मला फोनवर कळलं. मी धुळ्यात, देवपूरच्या घरी ओट्यावर बसून आंबा चोखत होतो. पलीकडे मुलगी होती आणि ती ओरडत नव्हती. आमच्या घरात न ओरडणारी बाई म्हणजे काहीतरी फार मोठं झालेलं असतं.

"पप्पा, वजनं नीट घेतली ना तुम्ही?"

"बावीस वर्षं घेतली," मी म्हणालो. हातावरून रस कोपरापर्यंत आला होता.

"मग असं कसं होईल? ओल धरलेली वस्तू कोरड्यापेक्षा हलकी कशी होईल?"

"विज्ञानात काहीही होऊ शकतं," मी म्हणालो. असलं वाक्य माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

मुलगी विमानाच्या आतल्या भिंतींवर संशोधन करते. मी पाहुण्यांना सांगताना नुसतं "विमान बनवते" सांगतो. विमानाची आतली भिंत हलकी हवी, भार पेलणारी हवी, इंजिनाचा आवाज अडवणारी हवी आणि लवकर पेटणारी नको. एकाच फळीकडून एवढ्या अपेक्षा, म्हणजे आमच्याकडे सुनेकडून करतात तेवढ्याच. अशी फळी कशाकशाची करायची, धागे कोणत्या कोनात घालायचे, थर किती, मधे पोकळी केवढी, याच्या एवढ्या तऱ्हा होतात की सगळ्या करून बघायला सात जन्म लागतील. म्हणून ती कॉम्प्युटरवर हिशेब मांडते. थोड्या पट्ट्या खऱ्या करायच्या, त्यांचे आकडे मशीनला द्यायचे, आणि न केलेल्या हजारो पट्ट्या कशा वागतील ते मशीनने सांगायचं.

"म्हणजे ते मशीन ज्योतिषी आहे," मी एकदा म्हणालो होतो.

"नाही पप्पा, ते तुमच्यासारखं आहे. पुष्कळ माल हाताखालून गेला की अंदाज येतो ना, तसं."

हे वाक्य मी गल्लीत निदान चार जणांना ऐकवलं. कारण मी बोदवडकडच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की मुठीत कापूस घ्यायचा, अंगठ्याने दाबायचा आणि सांगायचं, "ओल आहे, एवढी कटती." ओलाव्यापोटी वजनातून जे वजा करायचं ती कटती. माझ्या अंगठ्यापुढे शेतकरी वाद घालत नसत. मला वाटायचं, विश्वासाने.

तर उन्हाळ्यात तिच्या लॅबमधलं दमट हवेचं कपाट बिघडलं. ती साठ पट्ट्या घेऊन घरी आली. तीस काचेच्या धाग्याच्या, तीस केळीच्या. केळीचा धागा माझ्या थोरल्या भावाच्या मुक्ताईनगरकडच्या बागेतला, त्यामुळे घरात त्या तिसांचा मान जास्त. कोरडी वजनं तिने आधीच घेतली होती. कूलरच्या खोलीत दोरीवर पट्ट्या टांगल्या, टेबलावर छोटा काटा ठेवला, भिंतीला हवेचा दमटपणा मोजणारं यंत्र चिकटवलं आणि मला सांगून गेली, "रोज संध्याकाळी वजन. महिना झाला की आकडे पाठवा. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे वाक्य बायको मला रोज ऐकवते, त्यामुळे त्याचा परिणाम राहिलेला नाही.

फोननंतर दुसऱ्याच दिवशी मुलगी धुळ्याला आली. पाणीसुद्धा न पिता तिने मला समोर बसवलं. माझे आकडे मशीनला दिल्यावर मशीनने नवी फळी सुचवली होती. केळीचा धागा सगळ्यात बाहेरच्या थरात, भरपूर, जिथे दमटपणा थेट लागतो तिथे. तिच्या सरांनी कपाळाला हात लावला होता. चार दिवसांनी विमानवाल्यांसमोर तिला हे मांडायचं होतं. खरं असेल तर ती कुठल्या कुठे जाईल. खोटं असेल तर तिच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक आकड्याकडे लोक संशयाने बघतील.

"आकडे कशात लिहिलेत?"

मी अभिमानाने वही आणली. लाल रेघा स्वतः आखलेल्या. तिने पान उघडलं आणि तिचा चेहरा असा झाला की बायको स्वयंपाकघरातून तशीच पोळी हातात घेऊन आली.

वहीत तीन रकाने होते. कच्चं वजन. कटती. निव्वळ. तिला पाठवलं होतं ते निव्वळ.

"पप्पा, ही कटती कसली?"

"ओलाव्याची. पट्ट्यांनी ओल धरली होती ना."

"पप्पा, मला ओलच मोजायची होती!"

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. लेकीने महिनाभर माल ओला करायला ठेवला होता, ओल किती ते बघायला. आणि मी रोज संध्याकाळी, अंघोळ करून, मन लावून, ती ओल वजा करत होतो.

"मग काचेच्या पट्ट्यांना का नाही कटती?"

"तो काय शेतातला माल आहे?" मी म्हणालो. तोंडातून निघेपर्यंत हे मला अगदी रास्त वाटत होतं.

बायको म्हणाली, "मी बघायची रोज. अंगठा दाबायचे आणि हं हं करायचे. मला वाटलं पट्टीशी बोलतात."

मुलगी हसली नाही. वही घेऊन आत गेली. मी दाराशी उभा राहिलो, नापास झालेल्या पोरासारखा. पण कच्च्या वजनाचा रकाना होता! मी मूर्ख असलो तरी जिनिंगमधला मूर्ख होतो, कच्चं लिहिल्याशिवाय निव्वळ लिहीत नाही. तिने कच्चे आकडे भरले. दोन तासांनी मशीन जमिनीवर आलं. केळीचा धागा आत, मधल्या थरात, आवाज अडवायला चांगला. बाहेर काचच. जगाला हादरवणारं काही नव्हतं, पण खरं होतं. ती डोळे मिटून पाणी प्यायली.

मी सुटलो म्हणून वळलो, तर ती म्हणाली, "पप्पा, थांबा. एक बघा."

पडद्यावर ठिपके होते. खरी ओल किती आणि माझी कटती किती, याचे. एक पट्टी कोरडी बत्तीस ग्रॅम. कच्चं वजन चौतीस. म्हणजे ओल दोन. मी कापले होते तीन.

"म्हणून ती कोरड्यापेक्षा हलकी झाली," ती म्हणाली.

"चुकतो कधी कधी अंगठा."

"चुकला असता तर कधी जास्त कापलं असतं, कधी कमी. हे बघा, सगळे ठिपके एकाच बाजूला आहेत. तीसही पट्ट्यांचे. रोजचे." मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्यात याला कल म्हणतात. मशीननं तुमचा कल शिकून घेतला होता."

मी खुर्चीत बसलो. इथे मालक नव्हता, जिनिंग नव्हतं. माल माझ्या लेकीचा, धागा माझ्या भावाचा. आणि अंगठा अजून मालकाच्या बाजूने दाबत होता. बावीस वर्षं मी स्वतःला सरळ माणूस समजत आलो. त्या गाड्यांमध्ये भावाचीही गाडी असायची.

संध्याकाळी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं, अडखळत.

"मले तं ठाव व्हतं रे बापू," तो म्हणाला. "गावात बठ्ठ्याइले ठाव व्हतं. म्हनून तं आमी गाडी भरताना पानी मारत व्हतो."

"मग बोललास का नाही?"

"तू इतक्या इमानदारीनं दाबे," तो म्हणाला, "बोलाची लाजच वाटे."

मला हसू येईना. सगळ्या गावाने मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी समजत होतो ते मला मानतात.

मुलीने विमानवाल्यांसमोर आधी चूक सांगितली, मग फळी मांडली. माझा उल्लेख 'वजन करणारा' एवढाच होता. लोक थोडे हसले, मग कच्च्या आकड्यांबद्दल नीट प्रश्न विचारले, असं तिने कळवलं. पुढच्या पट्ट्याही तिने इथेच पाठवल्या आहेत. आता काट्यावर पट्टी बायको ठेवते, आकडाही तीच वाचते. मी फक्त लिहितो. रकाना एकच आखायचा, असा हुकूम आहे. परवा बायकोने "चौतीस" म्हटलं आणि माझा अंगठा पेनावर आपोआप दाबला गेला. तिने बघितलं.

"हं हं?" ती म्हणाली.

मी चौतीस लिहिलं.