डबा मीच सोडवणार

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकानं आधी माझ्या उजव्या हाताची चौकशी केली आणि जाताना मागच्या खोलीकडं बघून विचारलं, "आता ह्या आगगाडीचं काय करणार?" जसं काही हाताबरोबर आगगाडीही वारली! मी तोंडावर सांगायचे, "काय करणार म्हणजे? चालवणार." आमची जाऊ म्हणाली, "या वयात जपमाळ घ्यावी माणसानं." मी म्हटलं, "बाई गं, जपमाळेलाही उजवाच हात लागतो. नव्यानं शिकायचंच आहे तर आगगाडीच का नको?" चहा न पिताच गेली. जाऊ दे.

श्रीगोंद्याला आमच्या मागच्या खोलीत प्लायवूडच्या मोठ्या फळ्यावर माझी छोटी रेल्वे आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मांडली. एक गोल मेन लाइन, एक स्टेशन आणि साखर कारखान्यात जाणारी सायडिंग, म्हणजे बाजूचा फाटा. तिथं साखरेचे डबे आणि मळीचे टँकर उभे राहतात. लोकांना वाटतं, गाडी गोल गोल फिरताना बघायची असते. हॅ! त्याचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. खरी मजा शंटिंगची. डबा आणायचा, सायडिंगला घालायचा, सोडवायचा आणि इंजिन मोकळं परत घ्यायचं. डबे मी हातानंच सोडवायचे. डाव्या हातानं एक डबा धरायचा, उजव्या चिमटीनं दोन डबे जोडणाऱ्या कपलिंगचा नखाएवढा आकडा वर करायचा. आता उजवी चिमूट मिटत नाही, आणि पायात जोर नाही म्हणून डावा हात कायम काठीवर. एकदा काठी सोडून बघितलं, तर टँकर रुळावरून पडला आणि त्याच्या मागोमाग मीही पडता पडता वाचले.

आमचे हे शुगर फॅक्टरीत फिटर होते. हात अजून लोखंडासारखे. म्हणाले, "अगं, मी सोडवतो ना डबे. तू नुसतं सांग कोणता." इतक्या मायेनं म्हणाले की मला रडू आलं, आणि तितकाच रागही आला. आजारपणात ह्यांनी माझी वेणी घातली, भात कालवून भरवला. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण डबा? डबा नाही म्हणजे नाही. शंटिंग दुसऱ्यानं करायचं आणि मी खुर्चीत बसून बोट दाखवायचं, तर मग जाऊबाईंची जपमाळ काय वाईट होती?

माझे वडील पुणतांब्याला स्टेशनवर सांधेवाले होते. गाडी ज्या रुळावर न्यायची तिकडं सांधे बदलायचे, दोन डब्यांच्या मधे शिरून कपलिंग सोडवायचे. मी लहानपणी तारेच्या कुंपणाशी उभी राहून बघायचे. मी जरा पुढं सरकले की वडील ओरडायचे, "हात मागं! बाईमानसाचं काम न्हाई हे!" राग यायचा. पण त्यांचा एक नियम मी त्या कुंपणाशीच पाठ केला. जो मधे शिरला त्यानंच बाहेर येऊन झेंडी दाखवायची. दुसऱ्या कुणी, अगदी साहेबानं हात केला तरी ड्रायव्हर इंजिन हलवायचा नाही. "दुसऱ्याच्या झेंडीवर मानूस मरतंय," असं वडील म्हणायचे.

म्हणून मी ठरवलं, अनकपलर घ्यायचे. म्हणजे रुळाचाच एक छोटा तुकडा. त्याच्या मधोमध एक पट्टी असते. ती वर उठली की तिच्यावर उभ्या डब्यांचे आकडे उचलले जातात आणि डबे सुटतात. माझ्या डब्यांचं कपलिंग असं की एकदा सुटलं की डबे लांब जाऊन परत भिडेपर्यंत अडकत नाही. मी पुण्याच्या दुकानात फोन लावला. तिथला माणूस म्हणतो, "काकू, काकांना द्या ना फोन." मी म्हटलं, "काकांना सायडिंग आणि साइडबोर्ड यातला फरक कळत नाही. मला सांगा." मग सांगितलं बिचाऱ्यानं. एका प्रकाराला रुळाशेजारी बारीक खटका असतो, तो बोटांनी ओढायचा. दुसऱ्याची पट्टी स्प्रिंगवर कायम वरच असते, काही करावंच लागत नाही. तिसरा विजेचा, बटण दाबेपर्यंत गप्प पडून राहणारा. मी म्हटलं, विचार करून कळवते.

मी व्यायामाला गेले होते तेवढ्यात ह्यांनी परस्पर फोन करून स्प्रिंगवाला मागवला. "तुला काही करायलाच नको," म्हणत हौसेनं बसवलाही. कुठं? तर मेन लाइनवर, बरोबर स्टेशनासमोर! इंजिन गाडी ओढीत असेपर्यंत ठीक. स्टेशन आलं, वेग कमी झाला, कपलिंग ढिलं पडलं की सुटला डबा. इंजिन निघालं पुढं आणि प्रवासी बसले मागं. चार वेळा चालवली, चारही वेळा तेच. करायला गेलो गणपती, झाला मारुती!

मी हसले नाही. मी भडकले. "काही करायलाच नको असं कुणी मागितलं होतं? मला करायचंय!"

"तुझ्यासाठीच केलं ना," हे खालच्या आवाजात म्हणाले.

"माझ्यासाठी करा. माझ्याऐवजी करू नका."

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मला वाईट वाटत होतं, पण माघार घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करून विजेचा मागवला. जागा मीच ठरवली. सायडिंगवर, सांध्याच्या पुढं, जिथं रूळ सरळ आहे तिथं. वळणावर आकडे नीट उचलले जात नाहीत. त्याच्याबरोबर आलेलं बटण हरभऱ्याएवढं होतं. ह्यांनी दाराच्या बेलचं मोठं बटण आणून फळ्याच्या कडेला बसवलं. डाव्या बाजूला बसवत होते. मी म्हटलं, "उजवीकडं. त्या हाताला निवृत्ती कुणी दिली?"

मग गाडी काढली. हे ड्रायव्हर, मी सांधेवाली. एक टँकर सायडिंगला आला, पट्टीवर थांबला. मी उजवी मूठ उचलून बटणावर टाकली. पट्टी खट्कन वाजली, टँकर सुटला नाही. ह्यांचा हात सवयीनं पुढं आला. "थांब, मी..."

"हात मागं!" मी ओरडले. अगदी वडिलांसारखी. हे दचकले. "कपलिंग ताणलेलं आहे. आधी इंजिन मागं दाबून घ्या."

इंजिन बोटभर मागं आलं. मी पुन्हा मूठ टाकली. आकडे उचलले गेलेले मला दिसले.

"घेऊ पुढं?"

"झेंडी दाखवल्याशिवाय नाही."

मी उजवा हात वर न्यायला लागले, तो बरगडीपाशीच अडला. ह्यांनी ते बघितलं. आता उठून हात धरतील असं वाटलं. उठले नाहीत. इंजिनाच्या बटणावर बोट ठेवून तसेच बसून राहिले, डोळे माझ्या हातावर. मी दातओठ खाऊन हात आणखी चार बोटं वर नेला.

"दिसली झेंडी," हे म्हणाले, आणि इंजिन एकटंच पुढं गेलं.